पाच महिन्यांपूर्वी फाटलेलं क्वाड टेंडन (मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याच्या वाटीला जोडणारी दोरी), आता ऑपरेशन करून उपयोग होतो का?

सांगलीकर_लिफ्टर

नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी विचारतोय. वय ३६, पॉवरलिफ्टिंग करतो, ९३ किलो गट, जिल्ह्याला मेडल आहेत, राज्याला पण खेळलाय. दिवाळीच्या सुमारास स्क्वॉटमधून वर येताना उजव्या गुडघ्यात फट् असा आवाज झाला आणि बारसकट खालीच बसला. स्पॉटर होते म्हणून वाचला. गुडघा टम्म सुजला. जवळच्या एका दवाखान्यात एक्सरे काढला, हाड शाबूत आहे, लचक आहे, क्रेप बँडेज बांधा आणि आराम करा असं सांगितलं. सूज उतरली, हळूहळू चालायला लागला, आम्हाला वाटलं बरं होतंय.

पण बरं काही झालं नाही. सपाट रस्त्यावर चालतो, जिना उतरताना गुडघा दगा देतो, दोनदा पडलाय. पलंगावर झोपून पाय सरळ ठेवून उचल म्हटलं तर टाच जेमतेम हलते आणि गुडघा वाकलेलाच राहतो. वाटीच्या वर बोट ठेवलं तर खड्डा लागतो. आणि मांडी, ज्या मांडीवर पोराने आयुष्य घालवलं ती डाव्या मांडीपेक्षा नुसत्या डोळ्यांना बारीक दिसते.

आता कुठे एमआरआय झाला. क्वाड्रिसेप्स टेंडन पूर्ण फाटलंय, मध्ये साधारण ४ सेंटीमीटरची गॅप, स्नायू वर ओढला गेलाय. एक सर्जन म्हणतात ओपन ऑपरेशन करू, टेंडन व्ही-वाय नावाचा छेद देऊन लांबवू आणि मांडीच्या मागच्या स्नायूची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची शीर काढून वरून मजबुती देऊ. दुसरे म्हणतात आता उशीर झाला, फिजिओ करा, खेळ विसरा. भाऊ मला यूट्यूबवर डब्ल्यूडब्ल्यूईचा पैलवान ट्रिपल एच दाखवतो, त्याचं पण क्वाड फाटलं होतं तो परत आला की म्हणतो. आई म्हणते चालतोय ना, कशाला कापाकापी. कुपवाड एमआयडीसीत उभं राहून करायची नोकरी आहे, सुट्टी किती लागेल तेही कळत नाही.

कुणाला असं जुनं फाटलेलं जोडल्याचा अनुभव आहे का? परत लिफ्ट करता येतं का? खरं ते सांगा.

फिजिओ_पुणे

दादा, तुम्ही जे लिहिलंय, खड्डा, पाय सरळ उचलता न येणं, जिना उतरताना दगा, हे पूर्ण फाटलेल्या क्वाड टेंडनचं चित्र आहे. वाईट वाटतं की अशा केसेस आमच्याकडे 'गुडघ्याची लचक' म्हणून उशिरा येतात. एक्सरेत टेंडन दिसत नाही, सुजेमुळे खड्डा लागत नाही, आणि दुखतंय म्हणून पाय उचलत नसेल असं धरून पुढे जातात. वाटीच्या दोन्ही बाजूंचे पडदे शाबूत असतील तर पेशंट थोडाफार पाय उचलतोही, मग तर हमखास सुटतं.

उशीर झाल्यावर नेमकं काय होतं ते समजून घ्या म्हणजे ऑपरेशन का वेगळं ते कळेल. मांडीचा स्नायू कायम ताणाखाली असतो, खालची दोरी तुटली की तो वर सरकतो आणि तिथेच आखडतो. काही आठवड्यांत त्याच्या आणि मांडीच्या हाडाच्या मध्ये चिकटे धरतात, स्नायूत चरबी शिरते, फाटलेल्या टोकांवर जखमेचा मऊ टिश्यू भरतो जो एमआरआयवर कधी कधी 'भरून आलंय' असा भास देतो पण वजन झेलत नाही. वाटी खाली सरकते आणि खालचं पटेलर टेंडन पण आखडायला लागतं. ताज्या केसमध्ये टोकं हाताने जुळतात, जुन्यात आधी सगळं सोडवावं लागतं मग खाली ओढावं लागतं, तरी गॅप राहिली तर लांबवावं लागतं.

ऑपरेशन ठरो न ठरो, आजपासून एक काम करा. गुडघा हाताच्या मदतीने पूर्ण सरळ होतो का आणि वाकतो किती ते बघा. आखडलेल्या गुडघ्यावर हे ऑपरेशन केलं तर नंतर खूप त्रास होतो. वाटी हळूच वर-खाली, डावी-उजवी हलवणं, टाचेखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून गुडघा सरळ सोडून पडून राहणं, आणि मशीनने स्नायूला करंट देऊन आकुंचन करवणं, हे जवळच्या फिजिओकडे सुरू करा. आणि जिना उतरताना ब्रेस (गुडघ्याला बांधायचा आधारपट्टा) लॉक करून, कठडा धरूनच. पडून वाटी फुटली तर सगळंच अवघड होईल.

लाल_माती

भाऊ मी कोल्हापूरचा, तालमीतला. माझं क्वाड नाही तर वाटीच्या खालचं, पटेलर टेंडन गेलं होतं, आणि माझं पण उशिराच कळलं. वाटी वर मांडीत सरकून बसली होती, आरशात बघितलं तरी दिसायची. वस्ताद म्हणाले तेल लाव शेक घे, मी शेक घेतला, मालिश केली, सगळं केलं. कुस्ती सोडा, बैठक मारायला खाली गेलो की वर येताच यायचं नाही.

माझ्या सर्जननी मागच्या हॅमस्ट्रिंगच्या दोन शिरा घेतल्या, वाटीतून आडवं भोक पाडून आणि खाली नडगीच्या हाडातून भोक पाडून त्यातून ओवल्या. शिवाय वाटी परत वर सरकू नये म्हणून तार घातली, ती नंतर छोट्या ऑपरेशनने काढली. ऑपरेशनचं दुखणं सोसवतं हो, नंतरचं सोसवत नाही. सुरुवातीला ब्रेस लॉक, गुडघा वाकवायचाच नाही, मग इंच इंच वाकवायचा, मग रोज सकाळी उठून बघायचं की काल एवढा वाकला होता आज का नाही वाकत. मांडी भरायला वर्ष गेलं आणि पूर्ण भरली असं आजही म्हणणार नाही.

आता खरं ते सांगायचं तर मी परत मोठ्या मैदानात उतरलो नाही. पण शेतात जातो, ट्रॅक्टर चालवतो, जिने चढतो-उतरतो, तालमीत पोरांना डाव सांगतो, अर्ध्या बैठका मारतो. ऑपरेशनच्या आधी मला देवळाच्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. तुमच्या भावाला सांगा, आधी पायऱ्या, मग बार. मला विचाराल तर करा. ३६ वय आहे, पुढची चाळीस वर्षं गुडघ्याचा दगा सोसत काढायची का?

बार्बेल_ठाणे

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्या जिममध्ये एकाचं क्वाड टेंडन फाटलं होतं, त्याने ऑपरेशन केलं नाही, ब्रेस आणि फिजिओवर आता लेग प्रेस पण मारतो. जुन्या केसमध्ये रिझल्टची गॅरंटी नसते, इन्फेक्शन झालं तर? हॅमस्ट्रिंग काढली तर डेडलिफ्ट पण गेली. सगळे सर्जन कापायलाच सांगतात असं माझं मत.

डॉ_अस्थी_नाशिक

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, इथे बसून तुमच्या भावाचा गुडघा तपासू शकत नाही, तेव्हा हे सगळं त्यांच्या सर्जनशी बोलण्यासाठी म्हणून वाचा.

आधी बार्बेल_ठाणे यांच्या मुद्द्याचं. तुमच्या मित्राचं बहुतेक अर्धवट फाटलं असणार. अर्धवट असेल आणि पेशंटला गुडघा स्वतःच्या ताकदीने पूर्ण सरळ करता येत असेल तर ऑपरेशनशिवाय चांगलं होतं, आम्ही पण तसंच सांगतो. पूर्ण फाटून ४ सेंटीमीटर सरकलेलं टेंडन फिजिओने जुळत नाही. फिजिओ स्नायू मजबूत करेल, पण तो स्नायू वाटीला जोडलेलाच नाहीये. म्हणून या केसमध्ये फक्त फिजिओ हा सल्ला मला पटत नाही. पेशंट म्हातारा असेल, घरातल्या घरात चालणारा असेल, भूल देणं धोक्याचं असेल तर गोष्ट वेगळी. उभं राहून नोकरी करणाऱ्या ३६ वर्षांच्या माणसाला ब्रेसवर सोडणं मला योग्य वाटत नाही.

उशिरा केल्याने रिझल्ट कमी पडतो हे मात्र खरं. १९८१ साली सिवेक आणि राव यांनी क्वाड आणि पटेलर टेंडनच्या केसेसचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लगेच ऑपरेशन झालेल्यांचा निकाल उशिरा झालेल्यांपेक्षा स्पष्ट चांगला होता. ट्रिपल एचचं उदाहरण पोरं नेहमी देतात म्हणून सांगतो. मे २००१ मध्ये त्याचं डावं क्वाड फाटलं, लगेच ऑपरेशन झालं आणि जानेवारी २००२ मध्ये परत रिंगमध्ये आला. २००७ च्या जानेवारीत उजवं गेलं, तेव्हाही लगेच ऑपरेशन आणि ऑगस्टमध्ये परत. दोन्ही ताज्या केसेस. तुमच्या भावाने त्या आठ महिन्यांशी स्वतःला जोडून घेऊ नये, नाहीतर सहाव्या महिन्यात मन खचेल.

आता ऑपरेशनबद्दल. तुमच्या सर्जननी जे सांगितलंय ते ठरलेल्या वाटेवरचंच आहे. आधी चिकटे सोडवून स्नायू मोकळा करायचा, मेलेला टिश्यू काढून टोकं ताजी करायची, मग स्नायू खाली आणून बघायचं. वाटीपर्यंत विनाताण येत असेल तर वाटीत उभी भोकं पाडून जाड धाग्याने किंवा अँकरने (हाडात रुतवायच्या छोट्या खिळीने) बसवतात. येत नसेल तर टेंडनच्या वरच्या भागात उलट्या व्ही आकाराचा छेद देऊन तो भाग खाली सरकवतात आणि वरची फट वाय आकारात शिवतात. हीच व्ही-वाय, कोडिव्हिला यांच्या नावाने ओळखतात. टेंडनची एक पट्टी उलटी खाली पाडून जोडावर शिवायची स्क्युडेरी यांची पद्धतही आहे. आणि त्यावर हॅमस्ट्रिंगची शीर वाटीतल्या आडव्या भोकातून ओवून वर टेंडनमध्ये विणतात, कारण जुना टिश्यू एकट्याने ताण झेलेल याचा भरवसा नसतो. परदेशात दात्याचं अकिलीस टेंडन बरंच वापरतात, आपल्याकडे ते सगळीकडे सहज मिळत नाही म्हणून स्वतःची हॅमस्ट्रिंग हाच नेहमीचा मार्ग.

व्ही-वायची किंमत माहीत असू द्या. स्नायू-टेंडनची लांबी वाढवली की त्याची पकड थोडी सैल होते, म्हणून शेवटचे काही अंश गुडघा स्वतःहून सरळ होत नाही, यालाच आम्ही लॅग म्हणतो. थोडा लॅग राहिला तरी माणूस नीट चालतो. ताकदीच्या खेळाडूला मात्र तो जाणवतो. त्यामुळे चांगला सर्जन आधी सोडवण्यावर जास्त वेळ घालवतो आणि लांबवणं लागेल तेवढंच करतो.

सर्जनला हे विचारा, घाबरू नका, चांगल्या डॉक्टरला प्रश्न आवडतात. अशा जुन्या केसेस तुम्ही स्वतः केल्यात का? रक्त थांबवायला मांडीला बांधायचा पट्टा, टुर्निके, स्नायू पकडून ठेवतो आणि खाली यायला अडवतो, तो जोडताना सोडणार का? जोड झाल्यावर टेबलावरच गुडघा वाकवून किती अंशापर्यंत ताण येत नाही हे बघणार का आणि तो आकडा फिजिओला लिहून देणार का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण नंतरचं सगळं वेळापत्रक त्या आकड्यावर चालतं.

हॅमस्ट्रिंगच्या भीतीबद्दल, एक शीर काढल्यावर गुडघा खूप वाकवलेल्या स्थितीत ताकद थोडी कमी राहते, पण बाकीचे हॅमस्ट्रिंग शाबूत असतात. डेडलिफ्ट संपत नाही. एसीएलच्या (गुडघ्यातल्या लिगामेंटच्या) ऑपरेशनला हीच शीर रोज काढली जाते आणि ती पोरं परत पळतात.

सांगलीकर_लिफ्टर

डॉक्टरसाहेब, फिजिओ ताई/दादा, पैलवान, सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. लाल माती दादांचं देवळाच्या पायऱ्यांचं ऐकून ती गप्प झाली, म्हणाली विचार डॉक्टरांना तारीख.

दोन गोष्टी अजून. एक, भावाला फाटायच्या आधी बरेच महिने वाटीच्या वर दुखायचं, गुडघ्याला रॅप्स (पट्ट्या) घट्ट बांधून खेळायचा, एकदा तिथे इंजेक्शन पण घेतलं होतं. आणि स्पर्धेच्या आधी स्नायू वाढवायच्या स्टिरॉइडचा कोर्स केलाय, ते तो डॉक्टरांना सांगायला लाजतो. याचा काही संबंध आहे का? दुसरं, डाव्या गुडघ्यातही हल्ली तसंच दुखतं.

डॉ_अस्थी_नाशिक

संबंध आहे आणि सांगायलाच हवं, लाजायचं काही कारण नाही.

निरोगी टेंडन सहसा वजनाने तुटत नाही. १९७७ मध्ये झेर्निक, गार्हॅमर आणि जोब यांनी एका वेटलिफ्टरचा अभ्यास छापला होता. स्पर्धेत जर्क करताना (बार खांद्यावरून डोक्यावर नेताना) त्याचं पटेलर टेंडन फाटलं आणि ते नेमकं फिल्मवर आलं होतं. त्यावरून काढलेला हिशोब असा की फाटण्याच्या क्षणी टेंडनवर शरीराच्या वजनाच्या साडेसतरा पटीहून जास्त ताण होता. इतकी ताकद त्या दोरीत असते. त्यामुळे रोजच्या वजनावर स्क्वॉटमध्ये फाटतं तेव्हा टेंडन आधीच आतून झिजलेलं असण्याची शक्यता फार मोठी असते. कन्नस आणि योझा यांनी १९९१ मध्ये ८९१ फाटलेली टेंडन्स सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, त्यातल्या ९७ टक्क्यांत झिजेचे बदल होते.

तर आधीचं दुखणं हा इशारा होता. टेंडनमध्ये किंवा अगदी जवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर टेंडन कमजोर होतं, म्हणून कुठलं इंजेक्शन होतं त्याचा कागद शोधा. जिममधल्या कोर्सने स्नायू झपाट्याने वाढतो, टेंडन त्या वेगाने वाढत नाही आणि कडकही होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे कळणं फार गरजेचं आहे कारण कोर्समुळे रक्त घट्ट होऊन गुठळी होण्याचा धोका वाढतो, बीपी वाढलेलं असू शकतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्सबद्दल पण विचारा. जुलाब, युरिन इन्फेक्शन, टायफॉइड म्हटलं की आपल्याकडे सर्रास लिहून देतात आणि पेशंट मेडिकलमधून परत परत घेतात. अमेरिकेत २००८ पासून त्या गोळ्यांवर टेंडनबद्दल ठळक इशारा छापावा लागतो. चालू गोळी मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरांना यादी द्या. शुगर, किडनी, युरिक ॲसिड, थायरॉईड आणि कॅल्शियमसोबत पॅराथायरॉईड या तपासण्या ऑपरेशनच्या रक्तासोबतच करून घ्या, कमी वयात टेंडन फाटलं की मी या करतोच.

डाव्या गुडघ्याची सोनोग्राफी या आठवड्यात करा. ऑपरेशननंतर बरेच दिवस सगळं वजन त्या पायावर येणार आहे.

फिजिओ_पुणे

सुट्टीचं विचारलं होतं ते राहिलं. अंदाज सांगते, नक्की वेळापत्रक तुमचे सर्जन देतील. पहिले सहा आठवडे बहुतेक ब्रेस सरळ लॉक, कुबड्या घेऊन चालणं, आणि सर्जननी दिलेल्या अंशापर्यंतच वाकवणं. मग हळूहळू ब्रेस उघडत जातो. उभं राहून करायच्या नोकरीला साधारण तीन ते चार महिने धरा, जुन्या केसमध्ये जास्तही लागतात, तेव्हा कंपनीत आत्ताच बोलून बसून करायचं काम मिळतं का बघा. बारला हात लावायचा तो नऊ महिने ते वर्षानंतर, आणि तेही तारीख आली म्हणून लावायचा नाही. दोन्ही मांड्यांची ताकद मोजून जखमी बाजू दुसरीच्या जवळ आल्यावरच लावायचा. आधी रिकामा बार, बॉक्सवर बसून उठणं, खोल स्क्वॉट सगळ्यात शेवटी.

घाई करणाऱ्यांना मी ब्राझीलच्या रोनाल्डोचं सांगते. नोव्हेंबर १९९९ मध्ये पटेलर टेंडनचं ऑपरेशन, एप्रिल २००० मध्ये मैदानात परत आला आणि काही मिनिटांत ते टेंडन पूर्ण तुटलं. दुसऱ्या वेळी त्याने खूप जास्त वेळ घेतला आणि २००२ च्या वर्ल्डकपमध्ये ८ गोल केले.

खर्चाचं, तुमचं हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनचं नेमकं नाव सांगून ते यादीत बसतं का ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट आणि अँकर हे वेगळे खर्च असतात, ते अंदाजपत्रकात लिहून घ्या.

लाल_माती

आणि भाऊ, ऑपरेशनच्या आधी घरात कमोड बसवून घ्या, भारतीय संडासात बरेच महिने बसता येणार नाही, माझ्या घरच्यांची त्यात फार धावपळ झाली. तारीख ठरली की कळवा. कोल्हापुरात किंवा मिरजेत ऑपरेशन असेल तर मी येऊन भावाला भेटेन, माझा गुडघा दाखवेन, व्रण पण आणि वाकतो किती ते पण. बघितल्यावर त्याला धीर येईल.

सांगलीकर_लिफ्टर

नक्की या दादा, मिरजेतच करायचं चाललंय. सोनोग्राफीची उद्याची वेळ घेतली आहे, इंजेक्शनचा कागद पण सापडला. आज संध्याकाळी भावाने स्वतःच बसून औषधांची आणि कोर्सची सगळी यादी लिहून दिलीय, डॉक्टरांना तीच देतो.